एकाच गावी वर्षभर जायचं, तंबू टाकायचा आणि स्वतःच्या साइटवर लिहायचं, कसं ते सांगते

काही वर्षांपूर्वीपर्यंत आम्ही ठिकाणं "करायचो". राजमाची केलं, हरिश्चंद्रगड केला, कळसूबाई दोनदा केलं, एका वर्षात चौदा ठिकाणं झाली आणि मोबाइलमध्ये चार हजार फोटो. मग एकदा ऑफिसात कुणीतरी सहज विचारलं की हरिश्चंद्रगडावर काय बघितलंस, तर मला कोकणकडा सोडून फक्त पायथ्याच्या पाचनई गावातल्या एका घरातलं पिठलं आठवलं, बाकी सगळी पाटी कोरी. कोकणकडासुद्धा खरंतर फोटोतलाच आठवत होता.

तेव्हापासून एक साधं गणित ठरवलंय. गाव एकच. महिन्यातून एक रात्र तिथे, शक्यतो तंबूत. आणि परत आल्यावर आठ दिवसांच्या आत त्या रात्रीचं एक पान स्वतःच्या साइटवर. पुढची ट्रिप पान टाकल्याशिवाय ठरवायची नाही. ही शेवटची अट सगळ्यात महत्त्वाची आहे कारण आपल्याला लिहायचंय हे माहीत असलं की माणूस बघतोच वेगळं, नाहीतर नुसतं फिरून येतो. खूप जण विचारतात म्हणून हे सगळं एकदाच लिहून ठेवतेय, मी कसं करते ते, तुम्ही तुमच्या सोयीने बदला.

पहिलं काम गाव निवडायचं. गाव सुंदर हवं हा निकष नाहीये, सह्याद्रीत सुंदर नसलेलं गाव शोधायलाच कष्ट पडतील. निकष तीन. स्वतःच्या गाडीशिवाय चार-पाच तासांत पोचता आलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या महिन्यात कंटाळा येतो. तिथे एक तरी घर हवं जिथे जेवण मिळेल आणि अंगणात किंवा खळ्यावर तंबू टाकू देतील. आणि शेती चालू असलेलं गाव हवं, म्हणजे दर महिन्याला काहीतरी वेगळं घडत असतं. फक्त रिसॉर्ट असलेल्या गावात बाराही महिने तेच स्विमिंग पूल आणि तेच डीजे.

मी घेतलं रतनवाडी. भंडारदऱ्याच्या जलाशयाच्या टोकाला, रतनगडाच्या पायथ्याशी, अकोले तालुक्यात. डोंबिवलीहून कसारा लोकल, कसाऱ्याहून जीपने घोटी, घोटीहून एसटीने शेंडी, तिथून मिळेल त्या जीपने रतनवाडी. पुण्याचे लोक संगमनेर-अकोले-राजूर करून शेंडीला येतात. शेंडी म्हणजे विल्सन धरणाचं गाव, प्रवरेवरचं हे धरण इंग्रजांनी बांधलं, १९२६ साली पूर्ण झालं, आणि प्रवरा उगम पावते ती रतनगडावरच. गावात अमृतेश्वराचं हेमाडपंती देऊळ आणि पुष्करणी आहे. भर पावसात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते, हे मला सहाव्या फेरीपर्यंत माहीतच नव्हतं, कारण त्याआधी मी जुलैत कधी गेलेच नव्हते. एकाच गावी परत परत का जायचं याचं मला यापेक्षा बरं उत्तर देता येत नाही.

तंबू घेण्याआधी घर शोधा. उलटं करू नका. पहिली एक-दोन रात्र तंबू न नेता जा, घरातच झोपा, जेवा, गप्पा मारा, मग पुढच्या वेळी विचारा की मावशी, इथे पडवीसमोर तंबू टाकला तर चालेल का. आमच्या मावशी पहिल्यांदा हसल्याच, "घरात जागा असून भाईर कशाला निजता गं पोरींनो?" म्हणाल्या. त्यांना वाटलं पैसे वाचवायला करतोय. म्हणून आम्ही झोपायचे पैसे घरात झोपल्यासारखेच देतो, तंबू आपला असला तरी जागा त्यांची आहे, पाणी त्यांचं आहे, रात्री काही झालं तर धावून येणारं माणूसही त्यांचंच आहे. दोघीच बायका असताना हे शेवटचं फार मोलाचं आहे, घरच्यांना समजावायलाही सोपं जातं.

गडावर, धरणाच्या काठाला किंवा रानात कुठेही तंबू टाकायचा मोह होतो, मलाही व्हायचा. पण रतनवाडीचा हा सगळा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो, १९८६ पासून. वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, फी भरायची, कुठे राहणार ते सांगायचं. नियम काय चालू आहेत ते चौकीवर विचारा, चार वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बघून जाऊ नका, खासकरून काजव्यांच्या दिवसांत. शेकोटी रानात अजिबात नाही. अंगणात मावशींची चूल पेटलेली असतेच, तिथे जाऊन बसा, भाकरी थापायचा प्रयत्न करा आणि बोलणी खा.

आता तंबू. दोघांसाठी तीन माणसांचा घ्या, कारण कंपन्यांचा "दोन माणसं" म्हणजे दोन माणसं आणि शून्य सॅक. आतला जाळीचा तंबू वेगळा आणि वरची फ्लायशीट वेगळी असा डबल लेयर हवा. एकाच कापडाचा स्वस्तातला घेतलात तर सकाळी छतावरून तुमच्याच श्वासाचं पाणी तोंडावर टपकतं आणि तुम्हाला वाटतं पाऊस आला. तंबूच्या लेबलवर पाणी किती अडवतो त्याचा मिलिमीटरमध्ये आकडा असतो, दोन हजारच्या पुढचा बघा. वजन तीन किलोच्या आत असलं की दोघींत वाटून सहज नेता येतं. महागडा तंबू, साधी मॅट असं मात्र करू नका. थंडी वरून लागते असं वाटतं पण खरी खालून लागते, जमीन अंगातली ऊब ओढून घेते. त्यामुळे पैसे कमी असतील तर आधी मॅट चांगली घ्या. डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटे पारा एक आकडी होतो, त्या दिवसांत मी मॅटखाली मावशींकडची गोणपाटंसुद्धा टाकते.

माझी तंबूतली पहिली रात्र सांगते म्हणजे जागा कशी बघायची ते कळेल. ऑक्टोबर होता, खळ्याच्या कडेला एक मस्त सपाट, गवताची मऊ जागा दिसली, अगदी गादीसारखी. तिथेच टाकला. रात्री दोनच्या सुमाराला परतीच्या पावसाची एक सर आली, पंधरा मिनिटांची असेल, आणि पाठीखाली पाणी. ती जागा मऊ का होती, तर आजूबाजूचं सगळं पाणी तिथेच येऊन मुरायचं. गवत तिथेच हिरवं का, हा प्रश्न मी संध्याकाळी स्वतःला विचारायला हवा होता. आता तंबू टाकण्याआधी बाटलीभर पाणी जमिनीवर ओतून बघते कुठे पळतंय. बाजूपेक्षा बोटभर उंच जागा, वर वाळकी फांदी नको, ओढ्याचं कोरडं पात्र तर बिलकुल नको. दार वाऱ्याकडे पाठ करून. खुंट्या तंबूपासून बाहेरच्या बाजूला कलत्या ठोकायच्या, सरळ ठोकल्या तर पहिल्या वाऱ्यात उपटतात.

चेन कायम बंद, पाच मिनिटांसाठी बाहेर आलात तरी बंद. हा फक्त डासांचा प्रश्न नाहीये, मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसांना चावते, घोणसही या भागात आहे. बूट तंबूच्या आत ठेवा, सकाळी झटकून घाला, रात्री उठलात तर टॉर्च पायाशी मारत चाला. कुणाला साप चावलाच तर मांत्रिक-बिंत्रिक नाही, चिरा मारणं नाही, १०८ लावा आणि गावातली जीप काढायला सांगा, जे आधी येईल त्यात बसवा. गावात रेंज नेमकी कुठे येते ते दिवसाच बघून ठेवा. आमच्याकडे एका ठराविक दगडावर उभं राहिलं की येते.

गॅसचा छोटा स्टोव्ह मी नेत नाही. रेल्वेत गॅस न्यायला बंदी आहे आणि मावशींच्या हातची नाचणीची भाकरी सोडून नूडल्स खाणं हे मला तरी पटत नाही. कचरा सगळा परत घरी, सॅनिटरी पॅडसकट, त्यासाठी एक जाड काळी पिशवी वेगळी. रानात बसायची वेळ आलीच तर पाण्यापासून साठ-सत्तर मीटर लांब, वीतभर खोल खड्डा करून, मातीने बुजवून.

जुलै-ऑगस्टमध्ये तंबू नेऊ नका. जवळच्या घाटघरला लोक नगरची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. तेव्हा पडवीत झोपायचं, कौलांवरचा पाऊस ऐकायचा, हेही मोजायचं. नियम एक रात्र बाहेर काढायचा आहे, शौर्य दाखवायचा नाही.

आता मुख्य गोष्ट, तिथे करायचं काय. काहीच नाही असं सांगितलं तर लोक फसतात, कारण काहीच न करता बसणं सगळ्यांना जमत नाही, अर्ध्या तासात हात खिशातल्या मोबाइलकडे जातो. म्हणून मी जाण्याआधी एकच प्रश्न ठरवून जाते आणि वहीच्या पहिल्या ओळीत लिहिते. "या महिन्यात शेतात काय चाललंय?" हा पहिल्या सहा महिन्यांसाठी पुरेसा आहे. एप्रिलमध्ये गेले तेव्हा सगळीकडे धूर, मला वाटलं वणवा लागला, मी घाबरून विचारलं तर राब भाजत होते. भाताची रोपं ज्या तुकड्यात करायची तिथे पालापाचोळा, शेण, काटक्या पसरून जाळतात, मग पहिल्या पावसात त्यात पेरतात. जुलैत तीच रोपं उपटून चिखलात लावायची, त्याला आपण लावणी म्हणतो, तिथे आवणी म्हणतात. दिवाळीनंतर कापणी, मग खळ्यावर झोडणी. नुसतं एकदा जाऊन आलेल्याला यातला एकच फोटो मिळतो, "हिरवीगार शेतं". एकदा आवणीला खाचरात उतरले, दीड तासात कंबर गेली, मावशींनी तेवढ्यात तीन पट लावलं होतं आणि मी लावलेली अर्धी रोपं त्यांनी परत लावली हे मला नंतर कळलं.

रात्रीसाठी कालनिर्णय बघून अमावस्येच्या आसपासचा शनिवार धरा. मोबाइल फ्लाइट मोडवर, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की ती सगळी मेहनत वाया. जानेवारीत मृग, व्याध, रोहिणी, कृत्तिका हे जेवण झाल्यावर डोक्यावर असतं, चार्ट लागत नाही. एप्रिलमध्ये सप्तर्षी वर येतात. मी मामांना, म्हणजे मावशींच्या यजमानांना, ऐटीत सप्तर्षी दाखवायला गेले तर ते म्हणाले, "ते होय, ते बाजलं हाय." चार तारे म्हणजे बाजेचे चार खूर. तेव्हापासून मला ते सात ऋषी दिसतच नाहीत, बाजच दिसते.

मे संपताना आणि जूनच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आधी, काजवे असतात. हिरडा, बेहडा, जांभूळ अशा झाडांवर हजारोंनी, एकेक झाड एका लयीत लुकलुकतं. तो उजेड म्हणजे त्यांचं जोडीदार शोधणं चाललेलं असतं, त्यामुळे गाडीचे हेडलाइट, फ्लॅश, टॉर्च यातलं काहीही मारलं की आपण त्यांच्या लग्नात जाऊन वीज तोडल्यासारखं आहे. फोटो काढू नका, येतच नाही तो मोबाइलवर. बसून बघा.

वहीत मी तिथेच, झोपायच्या आधी, हेडटॉर्चच्या लाल उजेडात पाचच ओळी लिहिते. किती वाजले आणि वारा कुठून. काय ऐकू येतंय. आज कोण भेटलं आणि काय म्हणालं, शक्यतो त्यांच्याच शब्दांत. एक नवीन शब्द. आणि एक गोष्ट जी मला कळली नाही. घरी येऊन आठवून लिहू म्हटलं की घोटीच्या स्टँडवर चहा पिईपर्यंत अर्धं उडून जातं.

आता साइट. इथे लोक घाबरतात, पण खरं सांगू का, तंबू उभारायला शिकण्यापेक्षा हे सोपं आहे. सोशल मीडियावरच का नाही टाकायचं असं विचारतात. मी टाकायचे ना. माझा सुरुवातीच्या ट्रेकचा सगळा खजिना एका साइटवर होता, ती साइट बंद झाली, मेल आला असेल, मी बघितला नाही, सगळं गेलं. सोशल मीडियावर लिहिलेलं तीन दिवसांत खाली जातं आणि आपण लाइक मोजत बसतो. स्वतःची साइट म्हणजे स्वतःची पडवी, कुणी आलं तर बसेल, नाही आलं तर आपण आहोतच.

एक फोल्डर करा. त्यात मुखपानाची एक एचटीएमएल फाइल, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी साध्या मजकुराची फाइल, आणि प्रत्येक फेरीची एकेक फाइल. बास, हीच साइट. वर्डप्रेस, थीम, प्लगिन या भानगडीत पडू नका, ते सगळं अपडेट करत बसण्यात रविवार जातात. साध्या नोटपॅडमध्ये लिहिता येतं, पंधरा-वीस टॅग, म्हणजे शीर्षक कुठलं, परिच्छेद कुठला, फोटो कुठे ते सांगणाऱ्या खुणा, पुरतात आणि ते एका संध्याकाळी शिकून होतात. मराठीसाठी फाइलच्या डोक्यात तीन गोष्टी आठवणीने टाका. अक्षरसंच युटीएफ-८, नाहीतर तुमचं मराठी चौकोन आणि चिन्हांच्या भाषेत दिसेल. भाषा म्हणून मराठीचा कोड एमआर, त्यामुळे दृष्टिहीन वाचकांचं सॉफ्टवेअर नीट वाचतं आणि ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श हिंदी वळणाचे न येता आपल्या वळणाचे येतात. आणि पान स्क्रीनच्या रुंदीला बसवायला सांगणारी व्ह्यूपोर्टची एक ओळ, ती नसली तर मोबाइलवर अक्षरं मुंगीएवढी दिसतात. फॉन्ट "मुक्त" किंवा "नोटो सान्स देवनागरी" असले काहीही, दोन्ही फुकट आहेत, "मुक्त" हा मुंबईच्या "एक टाइप" नावाच्या फॉन्ट करणाऱ्या मंडळींचा, इंग्रजीत मुक्ता नावाने शोधा. ओळींमधलं अंतर इंग्रजी साइटपेक्षा जास्त ठेवा, अक्षराच्या दीड पटीहून थोडं वर, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

फाइलची नावं रोमन अक्षरांत आणि तारखेची ठेवा, वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, आपोआप ओळीत लागतात. मराठी नाव दिलंत तर लिंक शेअर करताना तिची टक्के आणि आकड्यांची लांबलचक गाडी होते. फोटो पानावर तीनच, प्रत्येकी बाराशे पिक्सेल रुंदी आणि दीड-दोनशे केबीत बसवलेले, शेंडीच्या रेंजवर मामांना उघडता आलं पाहिजे ही माझी कसोटी. आणि फोटोच्या पोटात तो कुठे काढला त्या ठिकाणाचे जीपीएसचे आकडे लपलेले असतात, ते अपलोड करायच्या आधी काढून टाका.

साइट ठेवायची कुठे, तर निओसिटीज नावाची सेवा आहे, फुकटात एक जीबी जागा मिळते, फाइली ओढून टाकल्या की झालं. किंवा गिटहब पेजेस, तेही फुकट आणि त्याला स्वतःचं डोमेन, म्हणजे आपल्या नावाचा साइटचा पत्ता, फुकटात जोडता येतं, फक्त तिथे फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही लोकांना दिसत राहतात, त्यामुळे चुकून कुणाचा फोन नंबर टाकलात तर नुसता खोडून भागत नाही. डोमेन नंतर घ्या, सहा पानं झाल्यावर. वर्षाला हजाराच्या आसपास धरून चला, आणि घेताना पहिल्या वर्षाचा भाव बघू नका, रिन्यूअलचा बघा, खरा भाव तो. फोल्डरची एक कॉपी पेनड्राइव्हवर. उद्या कुठलीही कंपनी बुडाली तरी तुम्ही तेच फोल्डर दुसरीकडे नेऊन ठेवता, तंबू उचलून बाजूला टाकल्यासारखं.

मी वाचक मोजायचं यंत्र लावलेलं नाही, कमेंटही नाहीत. खाली फक्त साइटसाठी काढलेला वेगळा ईमेल पत्ता आहे. महिन्याला एखादा मेल येतो, तो पण नीट, लांब, सावकाश लिहिलेला. आरएसएस, म्हणजे नवीन पान आलं की वाचकाला कळवणारी सोय, मात्र ठेवा, ज्यांना वाचायचंय ते त्यावरून येतात.

काय लिहायचं नाही हेही ठरवून घ्या. ज्यांच्या घरी राहतो त्यांचं नाव, नंबर, घराचा फोटो त्यांना विचारल्याशिवाय नाही. लहान मुलांचे चेहरे नाहीत. काजव्यांचं नेमकं झाड कुठलं ते नाही, मॅपवरची पिन तर नाहीच, कारण पुढच्या शनिवारी तिथे चाळीस गाड्या उभ्या राहतात. "स्वर्ग", "अविस्मरणीय", "निसर्गाच्या कुशीत" हे शब्द मी स्वतःला बंद केलेत, ते आले की समजायचं त्या जागी आपण काही बघितलंच नव्हतं.

आणि चूक सापडली तर गुपचूप बदलू नका, खाली तारीख घालून दुरुस्ती लिहा. गेल्या वर्षी मी मोठ्या विश्वासाने लिहिलं होतं की त्या रात्रीचा आवाज बिबट्याचा होता. पुढच्या फेरीला मामांनी रेंज येते त्या दगडावर उभं राहून पान उघडलं, बोट फिरवत सगळं वाचलं, मग शांतपणे म्हणाले, "बिबट्या नव्हता, आमचा वळू व्हता, खोकला झाला व्हता त्याला." ती दुरुस्ती आता पानाच्या तळाशी आहे.